थेट खरेदी करताय, तर मधल्या माणसाचं कामही अंगावर घ्या

प्रति,
कारागिरांकडून थेट माल घेणारी दुकानं, संस्था, कंपन्यांचे खरेदी विभाग आणि एकत्र मिळून मागणी नोंदवणारे ग्राहकगट

विषय : हस्तकलेच्या थेट खरेदीतली मजुरी, आगाऊ रक्कम, नमुना, मुदत आणि नापास माल

सप्रेम नमस्कार.

'थेट कारागिरांकडून' ही ओळ तुमच्या पाटीवर असते, वेबसाइटवर असते, भेटवस्तूच्या खोक्यात घातलेल्या चिठ्ठीवर असते. गिऱ्हाईक ती वाचतं आणि धरून चालतं की मधला व्यापारी गेला आणि त्याचा वाटा वस्तू करणाऱ्याच्या हातात पडला. तुमच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण मधला माणूस काही कामं करत होता. कच्च्या मालासाठी उचल देत होता. दहा घरांतून माल गोळा करून निवडत होता. एका गिऱ्हाइकानं नाकारलेला माल दुसऱ्याला खपवत होता. खोकी बांधत होता, कागदपत्रं करत होता, पैसे उशिरा आले तर तोवर कळ काढत होता. या सगळ्याचे तो अवाच्या सवा पैसे घेत होता, हे खरंच आहे. पण तो गेला म्हणून ती कामं संपली नाहीत. ती कुणी करायची हे ठरलं नसेल, तर ती कारागिराच्या गळ्यात पडतात, तीही फुकटात. मग 'थेट' खरेदीत कारागिराच्या हाती आधीपेक्षा कमी उरतं, आणि दोन ऑर्डरींनंतर तो पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडे जातो.

हे पत्र त्या कामांबद्दल आहे. यातलं बरंच काही तुमच्या ऑर्डरच्या कागदावर चार ओळी वाढवल्या की सुटण्यासारखं आहे.

सुरुवात मजुरीपासून करू. भाव ठरवताना तुम्ही विचारता, "एक टोपली विणायला किती वेळ लागतो?" समोरून उत्तर येतं, तीन तास. उत्तर खरं असतं, पण प्रश्न चुकीचा असतो. झाकणाची बांबूची टोपली घ्या. बांबू निवडून मापात कापायचा, पेरं तासून सपाट करायची, कांब उभी चिरायची, साल आणि गर वेगळा करायचा, पट्ट्या एका जाडीच्या होईपर्यंत सुरीखालून ओढायच्या. हे सगळं विणायला बसण्याआधी. विणून झाल्यावर काठ बांधायचा, झाकण त्याच टोपलीच्या तोंडावर बसवून पाहायचं, बाहेर आलेल्या कुसळांवरून ज्योत फिरवायची, पॉलिश पेपर मारायचा. समजा विणकाम ३ तास, पट्ट्या काढणं दीड तास, काठ आणि झाकण १ तास, शेवटची सफाई अर्धा तास. म्हणजे ६ तास झाले. आता दुसरी गोष्ट. आठ तासांच्या दिवसात आठही तास वस्तूवर हात नसतो. हत्याराला धार लावणं, जागा झाडणं, माल आणायला जाणं, हिशेब लिहिणं यात सहज २ तास जातात. म्हणजे ही टोपली हे एका माणसाचं पूर्ण दिवसाचं काम आहे. 'विणकाम ३ तास, दिवस ८ तासांचा' असा भाव काढलात, तर दिवसभराच्या कामाला दिवसाच्या मजुरीचे तीन-अष्टमांश मिळाले. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही एवढी तफावत पडते.

म्हणून भाव विचारण्याआधी तासांचा तक्ता मागा. नुसता मागू नका, सोबत बसून भरा. बऱ्याच कारागिरांनी हा हिशेब कधी लिहिलेला नसतो, कारण समोरच्यानं सांगितलेला भाव घेण्याचीच सवय असते. एक नग करताना घड्याळ लावून चालत नाही. सलग दहा नग करताना मोजा आणि दहानं भागा. त्यात घरातल्या इतरांचे तासही धरा. पट्ट्या एक जण काढतो, विणते दुसरी आणि पैसे घेतो तिसरा, अशी घरं पुष्कळ असतात. दर नगाचा भाव तिघांत कसा वाटला जातो हे विचारायला संकोच करू नका. शक्य असेल तिथे करणारीच्या नावावरच्या खात्यात पैसे द्या.

दिवसाची मजुरी कोणती धरायची? सरकारी किमान वेतन ही खालची पायरी आहे. तिथेच थांबायचं असं नाही. रिचर्ड आणि मार्था अँकर यांनी मांडलेली जगण्यापुरत्या वेतनाची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. कुटुंबाचा अन्नाचा खर्च, राहण्याचा खर्च, शिक्षण-औषधोपचारासारख्या इतर गरजा आणि अडीअडचणीसाठी थोडी बाजूला टाकायची रक्कम, या क्रमानं ती आकडा बांधत जाते. तुमच्या कारागिराच्या भागासाठी असा आकडा कुणी काढला असेल तर तो घ्या. नसेल तर याच चार खणांत त्याच्याशी बोलून काढा. दोन संध्याकाळी लागतील.

मजुरीत आणखी एक खड्डा आहे, तो फुटीचा. भट्टीत १०० भांडी गेली आणि १२ तडकली, तर अनेक जण भावात १२ टक्के वाढ धरतात. ते चुकतं. १०० भांड्यांचा खर्च ८८ भांड्यांवर पडला, म्हणजे प्रत्येकावर जवळजवळ १४ टक्के. फूट जितकी जास्त तितका हा फरक वाढत जातो. चारपैकी एक फुटलं, तर खर्च २५ नव्हे, ३३ टक्क्यांनी वाढतो. नवा आकार, नवी झिलई (भांड्यावरचा काचेसारखा लेप) असेल तेव्हा पहिल्या भट्टीत फूट जास्तच होणार. तिचा भार कुणी उचलायचा हे भट्टी पेटवण्याआधी लिहून ठेवा. आकार तुम्ही सांगितलेला असेल तर तो भार तुमचा.

आता पैसे कधी द्यायचे. जागतिक न्याय्य व्यापार (फेअर ट्रेड) संघटनेच्या दहा तत्त्वांमध्ये हस्तकलेबद्दल नेमकं लिहिलेलं आहे : कारागिरांनी मागितलं तर ऑर्डरच्या किमान ५० टक्के रक्कम आगाऊ आणि बिनव्याजी द्यायची. बाकीची रक्कम माल निघाल्याची कागदपत्रं मिळताच, किंवा दोघांनी आधी ठरवलं असेल तेव्हा. हा नियम दयेपोटी केलेला नाही. सूत, कांब, पितळ, लाख या गोष्टी रोखीनं येतात आणि वस्तू विकली जाते महिन्या-दोन महिन्यांनी. मधले दिवस कुणाच्या तरी पैशावर काढावे लागतात. तुम्ही आगाऊ दिली नाही तर कारागीर उधारी घेतो, आणि उधारी देणारा बहुधा तोच व्यापारी असतो ज्याला तुम्ही वगळलं म्हणून सांगता. त्याचं व्याज तुमच्या भावातून जातं.

'विकेल तसे पैसे देऊ' ही पद्धत तर साफ उलटी आहे. तुमच्या फडताळावर पडलेला माल म्हणजे कारागिरानं तुम्हाला दिलेलं बिनव्याजी कर्ज. ज्याच्याकडे सहा आठवड्यांची पुंजी नाही त्याच्याकडून सहा महिन्यांचं कर्ज घेऊ नका. नवीन वस्तू खपेल की नाही याची धास्ती असेल तर थोडे नग घ्या, पण घ्याल त्याचे पूर्ण पैसे द्या.

पैसे परदेशातून पाठवत असाल, तर एक बारीकशी गोष्ट हमखास राहून जाते. मधल्या बँका वाटेत आपापलं शुल्क कापतात. मोठ्या रकमेत ते जाणवत नाही; लहान ऑर्डरीत मात्र त्यानं एखाद्या माणसाची दोन दिवसांची मजुरी जाते. पाठवताना 'सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडा आणि खात्यात प्रत्यक्ष किती जमा झाले ते विचारून घ्या.

नमुन्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथूनच उगवतात. तुम्ही एक सुंदर नग पाहता, फोटो काढता आणि 'असेच ३०० हवेत' असं लिहिता. तो एक नग कदाचित गटातल्या सगळ्यात कसलेल्या हातानं, घाई नसताना केलेला असतो. ऑर्डरीचे नग आठ वेगवेगळ्या हातांतून येणार. म्हणून नमुना एक नको. आठपैकी निदान तीन हातांकडून तीच वस्तू करून घ्या, शेजारी ठेवा आणि त्यांच्यात जो फरक दिसतो तो तुम्हाला चालणार आहे का, हे आधी स्वतःला विचारा. नमुन्याला ऑर्डरीतल्या नगाच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो, त्याचे वेगळे पैसे द्या. पसंत नमुने दोन ठेवा, दोघांच्या सही-तारखेसह : एक तुमच्याकडे, एक कामाच्या जागी डोळ्यासमोर टांगलेला. फोटोवरून काम करायला लावू नका. फोटोत जाडी कळत नाही, वजन कळत नाही आणि रंग तर फोनच्या पडद्यागणिक बदलतो.

नमुन्याबरोबर एक कागद लागतो : लांबी, रुंदी, उंची, वजन आणि प्रत्येकात किती कमी-जास्त चालेल. हाताच्या कामात 'कमी-जास्त शून्य' असं काही नसतं. टोपलीच्या तोंडाला ५ मिलिमीटरचा फरक सोसता येतो. झाकण मात्र आपापल्या टोपलीवरच बसतं, म्हणून दोन्हींवर आतून एकच आकडा लिहायचा. हे न केल्यानं खोकी उघडताना झाकणांची अदलाबदल होते आणि चांगला माल 'बसत नाही' म्हणून नापास ठरतो.

दोष कशाला म्हणायचं आणि हाताची खूण कशाला, हेही शब्दांत उतरवा. बूड टेकत नाही आणि टोपली डुगडुगते, हा दोष. कुसळ बोटाला लागतं, हा दोष. बोट घालून ढकललं की वीण सरकते, हा दोष. एखादी पट्टी शेजारणीपेक्षा गडद आहे, हा दोष नाही. दोन कांबा सारख्या रंगाच्या उगवत नाहीत. ठशाच्या छपाईत दोन ठसे जुळतात तिथे केसाएवढी फट किंवा चढ दिसतो, तोही दोष नाही. पण नक्षीची ओळ थानभर तिरकी होत गेली असेल, तर तो दोषच. असा दोन-दोन फोटोंचा तक्ता केलात की मालाची तपासणी करणारा तुमचा नवा माणूस आणि तिकडचा निवडणारा एकाच डोळ्यानं बघू लागतात.

रंगाचं वेगळं सांगायला हवं. वनस्पतींचे रंग पाण्यावर, तुरटीच्या प्रमाणावर, कापड किती नीट धुतलं होतं यावर हलतात. पाण्यात लोह असेल तर मंजिष्ठेसारखा लाल काळवंडतो. म्हणून एक रंगपट्टी मंजूर करू नका, तीन करा : चालेल ती सगळ्यात फिकट, हवी ती, आणि चालेल ती सगळ्यात गडद. शक्य असेल तर पूर्ण ऑर्डरीचं सूत किंवा कापड एकाच घाण्यात, म्हणजे एकाच वेळी, रंगवून घ्या, आणि त्यासाठी लागणारी आगाऊ रक्कम तेव्हाच द्या. निम्मं आता, निम्मं महिन्यानं असं केलंत तर दोन रंग येणार. त्याचा दोष रंगाऱ्याला देता येणार नाही. रंग किती बसला हे पाहायला पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून १० वेळा घासा, आधी कोरडं, मग ओलं. नीळ ओल्या फडक्यावर थोडी उतरतेच. ती धाग्याच्या आत मुरत नाही, वर चढून बसते. हे गिऱ्हाइकाला चिठ्ठीत सांगायचं असतं. त्यापायी माल परत पाठवायचा नसतो.

आणि पहिले १० नग झाले की काम थांबवून ते तपासा. तिनशे नग झाल्यावर सापडलेली चूक ही कुणाच्या तरी घरची महिन्याची मिळकत असते. दहा नगांवर सापडलेली चूक ही अर्ध्या दिवसाची दुरुस्ती. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर पट्टी शेजारी ठेवून फोटो आणि वजनकाट्यावरचा व्हिडिओ मागवा, आणि २४ तासांत उत्तर द्या. तुमच्या उत्तराची वाट पाहत आठ जण बसून राहिले तर ते दिवस मुदतीतून वजा करा.

मुदतीचा हिशेब कुणीच करत नाही, म्हणून तो इथे पूर्ण मांडतो. ३०० टोपल्या, प्रत्येकी ६ तास, म्हणजे १,८०० तास. आठ कारागीर, प्रत्येकाचे दिवसाला हातचे ६ तास, म्हणजे ४८ तास रोज. १,८०० भागिले ४८ म्हणजे साडेसदतीस, धरा ३८ दिवस. आठवड्याला सहा दिवस काम, म्हणजे सहा आठवड्यांहून थोडं जास्त, धरा साडेसहा. त्याआधी कांब आणायला, भिजवायला, वाळवायला दोन आठवडे. नंतर तयार माल वाळवायला आणि बांधायला एक आठवडा. आजारपण, लग्नकार्य, सलग पाऊस यासाठी आणखी एक. एकूण साडेदहा आठवडे. तुम्ही सहा आठवड्यांची मुदत घातलीत आणि समोरून 'होईल' असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ काय हे ओळखा. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून तो 'हो' म्हणाला आहे. मग रात्री जागवल्या जातात, काम आणखी पाच घरांत वाटलं जातं ज्यांची नावंही तुम्हाला माहीत नसतात, आणि तिथे शाळेतून आलेलं पोर पट्ट्या ओढायला बसतं. बालमजुरीविरुद्धचं कलम तुमच्या करारात ठळक अक्षरांत असतं; तिला बोलावणारी मुदत त्याच करारात दोन ओळी खाली असते.

काम घराघरांत वाटलं जाणं हे स्वतःहून वाईट नाही. हस्तकलेत ते सर्वत्र चालतं, आणि लहान मूल सांभाळणाऱ्या बाईला घरबसल्या काम सोयीचंही पडतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली वेगळा करार, क्रमांक १७७, केला. त्याचा गाभा हाच की घरातल्या कामगाराला इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी. तुमच्याकडून एवढंच हवं की कोणत्या घरात कोण काय करतं याची यादी असावी आणि ती यादी दाखवली म्हणून कुणाचं काम जाऊ नये. शिक्षा होईल या भीतीनंच ती लपवली जाते. गालिच्यांच्या धंद्यात बालमजुरी रोखण्यासाठी १९९४ पासून चाललेल्या गुडवीव्हच्या व्यवस्थेत, जी आधी रगमार्क म्हणून ओळखली जायची, प्रत्येक गालिच्याला आकडा असलेली खूणचिठ्ठी लागते. तिच्यावरून तो गालिचा कुठून आला इथवर माग काढता येतो. टोपलीच्या बुडाला आतून लिहिलेला आकडा आणि एक साधी वही एवढ्यावरही तुम्ही तसा माग ठेवू शकता.

आता वाळवण. मुदत कमी पडली की सगळ्यात आधी कात्री इथे लागते, आणि त्याचं फळ तुमच्या गोदामात दिसतं. अर्धवट वाळलेली टोपली प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद केली की आतली ओल बाहेर यायला वाट नसते. कंटेनर दिवसा तापतो, रात्री थंड पडतो, आतल्या हवेतली वाफ पत्र्याला लागून थेंब थेंब खाली पडते. तीन आठवड्यांनी खोकं उघडतं तेव्हा काठाच्या खाली हिरवट-काळी बुरशी असते. ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून हे टळत नाही. त्या हवेतली ओल घेतात, कांबेच्या आतली नाही. बांबूला त्यातलं पिष्ट (स्टार्च) खाणारा किडाही लागतो : टोपलीखाली पिठासारखी भुकटी दिसली की तो आत आहे असं समजा. तीन वर्षांहून कोवळा बांबू न वापरणं, तो पिष्ट कमी असलेल्या हंगामात तोडणं आणि पट्ट्या बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवून घेणं हे त्याचे उपाय. लाकडाच्या वस्तूत ओल साधारण ८ ते १२ टक्क्यांपर्यंत उतरलेली हवी, नाहीतर कोरड्या, गरम ठेवलेल्या खोलीत गेल्यावर ती आकसते आणि शिरेच्या बाजूनं चिरते. ओल मोजायचं लहान यंत्र फारसं महाग नसतं. गटाला ते तुम्हीच घेऊन द्या.

बांधणी आणि वाहतूक हा मधल्या माणसाचा खास हातखंडा होता, त्यामुळे तो गेल्यावर इथेच सगळ्यात जास्त फटका बसतो. हवाईमार्गे माल नेणारे वजन दोन तऱ्हांनी काढतात आणि जास्त भरेल ते धरतात. खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,००० हे बहुतेक कुरिअरवाल्यांचं सूत्र. ६० × ५० × ४० चं खोकं म्हणजे २४ किलो, मग आत टोपल्या ६ किलोच्याच का असेनात. एकात एक बसणाऱ्या तीन मापांच्या टोपल्यांचा संच ठरवला तर त्याच खोक्यात जवळजवळ तिप्पट नग जातात. आकार ठरवतानाच हा विचार करा. तुमच्याकडे आकडे असतात, कारागिराकडे नसतात.

मातीच्या, काचेच्या वस्तूंसाठी दोन खोकी, एकात एक, आणि मध्ये सगळीकडून ५ सेंटिमीटर भराव. एक खोकं खरंच टाकून बघा. सुमारे साडेनऊ किलोपर्यंतच्या खोक्यासाठी प्रचलित चाचणीत ७६ सेंटिमीटरवरून १० वेळा टाकतात : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहाही बाजूंवर एकेकदा. फुटलं तर भराव बदला आणि पुन्हा टाका. हे खोकं आणि त्यातला माल तुमच्या खर्चात. लाकडी पेटी परदेशी जाणार असेल तर तिचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं किंवा मान्य असलेल्या दुसऱ्या प्रक्रियेतून गेलेलं आणि तसा शिक्का मारलेलं लागतं. नाहीतर पेटी बंदरात अडते. शिसवीच्या जातीचं लाकूड असेल तर खबरदारी आणखी : त्या वंशातल्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराखाली आहेत. लाकडाचं शास्त्रीय नाव ऑर्डरीआधी विचारा.

'माल तुमच्या दारात, सगळे कर भरून' अशी अट लहान गटाला घालू नका. तुमच्या देशातली जकात किती, ती कुठे भरायची हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही. ती जबाबदारी तुमची ठेवा, आणि उलट टोकाला जाऊन निर्यातीचे कागद कुणीच करायचे नाहीत असंही होऊ देऊ नका. कुठल्या ठिकाणी माल तुमच्या जोखमीवर आला, हे एका वाक्यात लिहा.

खाण्यापिण्याच्या भांड्यांत शिशाची चाचणी टाळू नका. ४ टक्के अॅसिटिक आम्लाचं द्रावण भरून २४ तास ठेवायचं आणि त्यात किती शिसं उतरलं ते प्रयोगशाळेत मोजायचं. शिसं असलेल्या झिलईत हिरव्या रंगासाठी तांबं मिसळलं की शिसं जास्त सुटतं. चाचणी ऑर्डरीआधी, तुमच्या पैशानं. नापास झाली तर झिलई बदलायला वेळ आणि पैसा द्या. 'जमत नाही' म्हणून नुसतं निघून गेलात तर तीच भांडी जवळच्या बाजारात विकली जातात.

नापास मालाचं काय? माल मिळाल्यापासून १४ दिवसांत, फोटोसह कळवायचं, असं ठरवा. दुरुस्त होण्यासारखं तुमच्याकडेच दुरुस्त करून घ्या, परत पाठवू नका. येण्या-जाण्याचं भाडं बहुतेक वेळा वस्तूपेक्षा जास्त होतं. दुय्यम म्हणून विकता येईल ते कमी भावात विका आणि किती कमी मिळाले ते कळवा. बांधणी तुम्ही सांगितली तशी होती आणि तरी फुटलं, तर नुकसान तुमचं. ऑर्डर रद्द करायची वेळ आली, तर न्याय्य व्यापाराची तत्त्वं इथेही स्पष्ट आहेत : आधी बोलायचं, आणि कारागिराचा दोष नसेल तर झालेल्या कामाची भरपाई द्यायची. आम्ही त्यात कच्चा माल जोडू. तुमच्या रंगात रंगवलेलं सूत दुसऱ्या कुणाच्या कामाचं नसतं.

यंत्राबद्दल एक गैरसमज काढायला हवा. 'पूर्ण हातानं' या शब्दांपायी काही खरेदीदार विजेवरचं कुंभाराचं चाक, माती मळायचं यंत्र, साधा ड्रिलसुद्धा नाकारतात. १९९७ साली मनिला इथे युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राच्या परिसंवादात हस्तकलेची जी व्याख्या ठरली, तिच्यात हत्यारं आणि यंत्रंही बसतात. अट एवढीच की तयार वस्तूत कारागिराच्या हाताचा वाटा सगळ्यात मोठा असावा. माती मळून खांदे आणि मनगटं जातात. ते यंत्रानं केल्यानं घडा कमी हाताचा होत नाही.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. न्याय्य व्यापाराची चळवळ हस्तकलेतूनच सुरू झाली : १९४६ साली एडना रूथ बायलर यांनी पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम अमेरिकेत ओळखीच्यांत विकायला घेतलं. मालावरचा छाप बराच नंतर, १९८८ साली नेदरलँड्समध्ये मॅक्स हावेलार या नावानं, कॉफीवर आला. कॉफीचा किमान भाव किलोवर बांधता येतो, टोपलीचा नाही. म्हणून हस्तकलेत वस्तूऐवजी संस्थेचा कारभार तपासणारी पद्धत जास्त लागू पडते. आठ जणांच्या गटाकडे प्रमाणपत्र मागून त्यांना नाकारू नका. त्याचा खर्च त्यांच्या वर्षाच्या नफ्याहून मोठा असू शकतो. त्याऐवजी तासांचा तक्ता, पैसे वाटल्याची वही आणि घरांची यादी बघा. प्रमाणपत्रानंतरही तेच बघावं लागतं.

नक्षी कुणाची, हेही लिहा. नमुना त्यांचा असेल तर तो दुसरीकडे स्वस्तात करून घ्यायचा नाही. आकार तुमचा आणि वीण त्यांची असेल तर ती वीण त्यांनी इतरांसाठी वापरायला तुमची हरकत नसावी. ती तुमच्या आधीपासून त्यांची आहे. भौगोलिक चिन्हांकन (जीआय) मिळालेल्या, म्हणजे ठरावीक प्रदेशाशी कायद्यानं जोडलेल्या, नावाची वस्तू त्या प्रदेशाबाहेर करून त्याच नावानं विकू नका.

आणि शेवटी, मधला माणूस असणं हाच दोष असं आमचं म्हणणं नाही. वर लिहिलेली कामं करायला तुमच्याकडे माणूस नसेल, तर कारागिरांच्या सहकारी संस्थेमार्फत किंवा हिशेब उघडा ठेवणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत घ्या, त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या आणि पाटीवरचा 'थेट' हा शब्द काढा. कारागिराला त्यात जास्त मिळत असेल तर तोच रस्ता बरा.

या ऑर्डरीचा शेवटचा हप्ता देताना एक गोष्ट सोबत कळवा : पुढच्या हंगामात घेणार आहात की नाही, आणि घेणार तर अंदाजे किती. 'नाही' असेल तरी कळवा. बांबू तोडायचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. तुमच्या ऑर्डरीच्या आशेवर गट तीनशे टोपल्यांची कांब उधारीवर भरून ठेवतो आणि ती पडून राहिली की तिला किडा लागतो. चार ओळींची चिठ्ठी वेळेत पोचली तर तो पन्नास टोपल्यांपुरतीच भरेल.

आपले,
हस्तकलेच्या मालाची निवड, तपासणी आणि हिशेब पाहणारे आम्ही काही जण